जीके १.५ देऊन पुन्हा जीके १.५नेच मोजू नका

एका लेखात म्हटलंय, उंदराला जीके १.५ अँटिबॉडी (सीडी४ या पेशीवरच्या प्रथिनाला चिकटणारी) टोचल्यावर प्लीहेत सीडी४ पेशी (सीडी४ असलेल्या टी-पेशी, रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) दिसल्या नाहीत, म्हणजे त्या नष्ट झाल्या. एवढ्यावर तसं म्हणता येत नाही. टोचलेली अँटिबॉडी सीडी४वर आधीच चिकटून बसलेली असते. मग पेशी मोजायला त्याच क्लोनचा (म्हणजे त्याच अँटिबॉडीचा) रंग जोडलेला अवतार घातला तर त्याला जागाच उरत नाही. आरएम ४-५ या सीडी४च्याच दुसऱ्या क्लोनचंही तेच, कारण त्याची जागाही जीके १.५ अडवते. इथे आरएम ४-४ हा तिसरा क्लोन हवा, तो वेगळ्या जागी बसतो. जोडीला टीसीआर-बीटा (टी-पेशींची खूण) आणि सीडी८ (टी-पेशींच्या दुसऱ्या मोठ्या गटाची खूण) यांच्या अँटिबॉड्या लावा. टीसीआर-बीटा असलेल्या पण सीडी८ नसलेल्या पेशी (त्या मुख्यतः सीडी४ पेशीच असतात) किती उरल्या ते बघा, म्हणजे लपवाछपवी उघडी पडते.

बाकी पद्धत नेहमीचीच: १०० मायक्रोलिटरमध्ये १० लाख पेशी, आधी १० मिनिटं २.४जी२ अँटिबॉडीचा एफसी ब्लॉक (बाकीच्या अँटिबॉड्या भलत्या जागी चिकटू नयेत म्हणून), तो न धुताच अँटिबॉड्या, अंधारात ४ अंशांवर ३० मिनिटं. मृत पेशींचा रंग मात्र विसरू नका (हा हमखास राहतो). मेलेल्या पेशींना कुठलीही अँटिबॉडी चिकटते. आणि अँटिबॉडीची मात्रा टायट्रेशन करूनच (वेगवेगळ्या मात्रा लावून बघूनच) ठरवा, बाटलीवरचा आकडा बहुधा जास्तच असतो.