‘एक नंबर मोठा घ्या’ : स्नोबोर्डच्या बुटांविषयीच्या एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

स्नोबोर्डिंग शिकू पाहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो, आणि तो इतक्या जणांनी इतक्या वेळा पुढे पाठवला आहे की आता त्याला नियमाचे रूप आले आहे. सल्ला थोडक्यात असा : बूट नेहमीच्या नंबरापेक्षा एक नंबर मोठा घ्यावा, म्हणजे दोन जाड मोजे मावतात आणि पाय उबदार राहतात, दुकानात पायात घातल्याबरोबर जो आरामशीर वाटेल तोच बूट आपला समजावा, घोटा जपायचा असेल तर मिळेल तितका कडक बूट निवडावा, चकतीने तार आवळणारा बूट घेतला की घट्ट-सैलाची काळजी मिटते, आणि आधी बोर्ड व बाइंडिंग (बूट बोर्डला जखडणारी पट्ट्यांची जोडणी) पसंत करावे, बूट काय, कुठलाही चालतो. यातील प्रत्येक वाक्यात कणभर तथ्य आहे, म्हणूनच सल्ला टिकून आहे. परंतु तो तंतोतंत पाळून घेतलेला बूट पहिल्या काही दिवसांतच त्रास देऊ लागतो, आणि शिकणारा मनुष्य बुटाला दोष न देता ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे मानून मोकळा होतो.

सर्वाधिक नुकसान पहिल्या मुद्द्याने होते, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. ‘नेहमीच्या नंबरापेक्षा मोठा’ असे म्हणताना नेहमीचा नंबर म्हणजे पावलाचे खरे माप, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात चालण्या-धावण्याच्या बुटांत अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण चालताना चवडा दुमडतो आणि पाऊल किंचित पुढे सरकते. म्हणजे पावलाच्या मानाने मोठा बूट आपण रोजच वापरत असतो. ब्रिटिश किंवा अमेरिकी मापात एक पूर्ण नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, अर्थात सुमारे ८.५ मिलिमीटर. तेवढी भर आधीच्या मोकळ्या जागेत पडली की बोटांपुढे जवळजवळ दोन सेंटिमीटरची पोकळी तयार होते. स्नोबोर्डवर उभे असताना चवडा चालताना दुमडतो तसा दुमडत नाही, त्यामुळे त्या पोकळीचा काहीही उपयोग नसतो. पाऊल तिच्यात फक्त पुढे-मागे घसरत राहते.

या बुटांच्या जिभेवर किंवा आतल्या चिठ्ठीवर ब्रिटिश, अमेरिकी आणि युरोपीय नंबरांच्या जोडीला आणखी एक माप छापलेले असते. त्याला मोंडोपॉइंट म्हणतात आणि ते बुटाचे नव्हे, तर पावलाच्या लांबीचे माप असते. पाऊल २६.५ सेंटिमीटर भरले तर चिठ्ठीवर २६.५ किंवा २६५ लिहिलेला बूट आधी पायात घालून पाहावा, इतका हा हिशेब सरळ आहे. माप मात्र नीट घ्यायला हवे. टाच भिंतीला टेकवून, कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करावी. हे बोट दर वेळी अंगठाच असते असे नाही. अनेकांचे दुसरे बोट पुढे असते. दोन्ही पावले मोजावीत, कारण ती क्वचितच सारखी असतात, आणि शक्य तर संध्याकाळी मोजावीत, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असतात. या मापाने निघालेला नंबर रोजच्या बुटापेक्षा लहान आला, तर दचकण्याचे कारण नाही. बहुतेकांचा तसाच येतो.

योग्य लांबीचा बूट घालून ताठ उभे राहिले की बोटांची टोके आतल्या मऊ अस्तराला, म्हणजे लायनरला, हलकेच टेकतात. गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की टाच मागच्या खोबणीत बसते आणि बोटांवरचा दाब कमी होतो. बोर्डवर आपण अशाच वाकलेल्या अवस्थेत असतो, म्हणून बुटाचा निकाल त्याच अवस्थेत लावावा. बोटे आत मुडपत असतील तर बूट आखूड आहे, यात वाद नाही. पण नुसती टेकतात म्हणून बूट परत करणारे आणि मोठा नंबर मागणारे ग्राहक सर्वांत जास्त फसतात. लायनर फोमचा असतो, आणि तो वापराने दबून पातळ होतो. बाहेरचे कवच मात्र आहे तेवढेच राहते. आज अंगासरशी बसणारा बूट काही दिवसांत बेताचा होतो, आणि आज बेताचा वाटणारा तेवढ्याच दिवसांत ढिला पडतो.

ढिल्या बुटाचा खरा फटका टाचेला बसतो. स्वार बोर्डवर आडवा उभा असतो, म्हणून बोर्डची एक कड त्याच्या चवड्याकडे आणि दुसरी टाचेकडे येते. चवड्याकडच्या कडेवर बोर्ड फिरवताना शरीराचा भार पुढे जातो आणि टाच वर उचलू पाहते. बुटाने ती धरून ठेवली तर तो जोर बाइंडिंगमधून थेट बोर्डच्या कडेपर्यंत पोहोचतो. टाच आतल्या आत सेंटिमीटरभर उचलली गेली, तर तेवढे अंतर संपेपर्यंत बोर्डला काहीच कळत नाही. वळण उशिरा येते, म्हणून स्वार कमरेतून पुढे झुकतो, बोटांनी तळ पकडू लागतो, आणि थोड्या वेळात तळवा व पोटरी भरून येते. ‘मला टाचेकडची कड जमते, चवड्याकडची जमत नाही’ ही नवशिक्यांची सार्वत्रिक तक्रार आहे. ती नेहमी बुटामुळेच असते असे नाही, पण शिक्षक बदलण्यापूर्वी टाच तपासून पाहावी. दुकानात बूट नीट आवळून, दुसऱ्या कोणाला बुटाचे टोक आणि टाच जमिनीशी दाबून धरायला सांगावे आणि चवड्यावर उठण्याचा प्रयत्न करावा. टाच अगदी किंचित हलली तर चालते. ती स्पष्टपणे वर येत असेल तर तो बूट कितीही देखणा असला तरी खाली ठेवावा.

येथे एक रास्त आक्षेप येतो. ज्यांचा चवडा रुंद आहे त्यांना पावलाच्या लांबीइतका बूट दोन्ही बाजूंनी चावतो, आणि मोठा नंबर घेतला की तो चावत नाही. अनुभव खरा आहे, उपाय चुकीचा. लांबी वाढवली की रुंदी थोडी वाढते, पण त्याबरोबर टाचेची खोबणी आणि बूट वाकण्याची जागाही पायापासून दूर जाते. रुंद पायांसाठी वेगळ्या साच्यावर केलेले बूट मिळतात, तेच मागावेत. दोन अर्ध्या नंबरांच्या मध्ये अडकलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की काही उत्पादक लागोपाठच्या दोन मापांना एकच कवच वापरतात आणि फरक फक्त आतून करतात. अशा वेळी बोटे मुडपत नसतील तर लहान माप घेणे शहाणपणाचे.

हा सैल बुटाचा आग्रह आला कुठून, याचा अंदाज बांधता येतो. १९६५ साली अमेरिकेत शर्मन पॉपेन यांनी स्नोबोर्डची पूर्वज ठरलेली जी ‘स्नर्फर’ नावाची फळी तयार केली तिला बाइंडिंग नव्हतेच. पुढच्या टोकाची दोरी हातात धरून तिच्यावर नुसते उभे राहायचे. त्यानंतरही काही वर्षे लोक साधे हिवाळी बूट घालूनच बर्फावरून घसरत होते. बर्फातून चालण्यासाठी केलेल्या तशा बुटात मोकळी जागा आणि जाड मोजे खरोखरच सोयीचे असतात. साधन बदलले, सल्ला तेवढा मागे राहिला.

उबेचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे आणि तो अधिक फसवा आहे. स्थिर हवेचा थर उष्णता धरून ठेवतो, हे भौतिकशास्त्र बरोबर आहे. पण तो थर लायनरच्या फोममध्ये आधीच बंदिस्त असतो. सैल बुटात पाय हलतो, म्हणून माणूस बूट आणि बाइंडिंगचे पट्टे जास्त आवळतो. तो दाब पावलाच्या वरच्या उंचवट्यावर येतो, जिथून बोटांकडे रक्त नेणारी धमनी कातडीच्या अगदी जवळून जाते. रक्तपुरवठा कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, मग ती बधिर होतात आणि गारठतात. उबेसाठी घेतलेला मोठा बूट असा थंडीचे कारण बनतो. दोन मोज्यांचेही तेच. एक मोजा दुसऱ्यावर घासतो, मध्ये चुण्या पडतात, फोड येतात, आणि घामाने ओले झालेले सुती मोजे पायाची ऊब शोषून घेतात. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, पातळ किंवा मध्यम जाडीचा, बुटाच्या वर येणारा एकच मोजा पुरतो. आतल्या उबदार विजारीची कडसुद्धा बुटात जाऊ देऊ नये. ती मोज्याच्या वर संपावी. नडगीवर दिवसभर रुतणारी ती एक शिवण माणसाला किती चिडवू शकते, हे सोसल्याखेरीज कळत नाही.

‘घातल्याबरोबर आरामशीर’ ही कसोटी घरात घालायच्या सपातांना लावावी. नव्या स्नोबोर्ड बुटाने पावलाला सगळीकडून सारखे धरलेले असावे, आणि ही पकड पहिल्या मिनिटाला थोडी जास्तच वाटते. म्हणून घाई करू नये. बूट घातल्यावर, आवळण्यापूर्वी, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवावी. मग आधी लायनर आणि नंतर कवच आवळावे. बर्फावर वापरायचा तोच मोजा घालून वीस मिनिटे तरी दुकानात वावरावे, मधूनमधून गुडघे वाकवून उभे राहावे. सर्वत्र सारखा दाब असेल तर तो पुढे सुसह्य होतो. घोट्याच्या हाडावर, करंगळीच्या मुळाशी किंवा पावलाच्या आतल्या उंचवट्यावर एकाच बिंदूत टोचत असेल, किंवा बोटे बधिर होऊ लागली असतील, तर ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नये. बरेच लायनर गरम करून पायाच्या आकारात बसवता येतात. त्याने टोचणारी जागा निवळते आणि सुरुवातीच्या दिवसांचा जाच वाचतो, पण आखूड बूट लांब होत नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. घरच्या भट्टीत बूट ठेवणाऱ्याचा डिंक आधी वितळतो.

कडकपणाविषयीचा दावा दोन ठिकाणी अडखळतो. एक म्हणजे बुटावर लिहिलेला एक ते दहा हा आकडा प्रत्येक उत्पादक स्वतःच ठरवतो. त्याला सर्वांना बांधणारे मानक नाही, त्यामुळे एकाचा पाच दुसऱ्याच्या सातइतका कडक असू शकतो. शिवाय प्लास्टिक थंडीत आणखी ताठरते, आणि दुकान उबदार असते. दुसरे असे की बोर्ड नियंत्रित करण्यासाठी घोटा पुढे वाकावाच लागतो. वेगाने, उभ्या उतारावर किंवा अस्पर्श बर्फावर जाणाऱ्या वजनदार स्वाराला कडक बूट साथ देतो. हलक्या वजनाच्या नवशिक्याकडून तो बूट वाकतच नाही आणि मग नवशिका सगळी हालचाल कमरेतून करतो. त्याच्यासाठी मऊ ते मध्यम बूट बरा. राहिला दुखापतीचा प्रश्न. घोट्याच्या सांध्यातील टॅलस या हाडाच्या बाहेरच्या कंगोऱ्याचा अस्थिभंग या खेळात इतका ठळकपणे दिसतो की वैद्यकात त्याला ‘स्नोबोर्डरचा अस्थिभंग’ असेच म्हणतात, आणि साधी मुरगळ समजून तो निसटूही शकतो. कडक बूट घातला म्हणजे तो टळेल, अशी हमी कोणी देऊ नये. पडल्यानंतर घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे रेंगाळले तर डॉक्टरांना दाखवावे.

चकती आणि पोलादी तारेची बोआ ही पद्धत २००१ पासून स्नोबोर्डच्या बुटांत आहे आणि हातमोजे न काढता क्षणात आवळता येणे ही तिची खरी सोय आहे. मात्र एकच चकती असेल तर पूर्ण पाऊल एकदम आवळले जाते, घोटा आणि चवडा वेगवेगळे साधता येत नाहीत. दोन चकत्यांच्या बुटात ते साधते. साध्या लेसने प्रत्येक भाग हवा तसा बांधता येतो, पण थंडीत बोटे उघडी करावी लागतात. निवड सवयीची आहे. मोठ्या नंबराच्या बुटातली रिकामी जागा यांपैकी कोणतीही पद्धत भरून काढत नाही, एवढेच सांगणे.

शेवटचा दावा क्रमाचा आहे आणि तो पूर्णपणे उलटा आहे. बाइंडिंगचे माप बुटावरून ठरते, आणि बोर्ड मधोमध किती रुंद हवा तेही बुटाच्या बाहेरच्या लांबीवरूनच ठरते. बूट बोर्डच्या दोन्ही कडांबाहेर थोडा आलेला चालतो, किंबहुना कडेवर जोर देण्यासाठी तो थोडा यावाच. पण जास्त आला तर बोर्ड कलताच बुटाचे टोक बर्फात रुतते आणि स्वार फेकला जातो. विनाकारण मोठा घेतलेला बूट असा विनाकारण रुंद बोर्डही घ्यायला लावतो. ‘कुठलाही बूट चालतो’ हेही आता खरे नाही. बर्टन या स्नोबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्टेप ऑन’ बाइंडिंगमध्ये पट्टेच नाहीत. त्यासाठी खास खुंट्या बसवलेले बूट लागतात, आणि दुसरे बूट त्यात अडकतच नाहीत. खर्च बेताचा असेल तर बूट आधी स्वतःचे घ्यावेत आणि बोर्ड भाड्याने आणावा. भाड्याचा बोर्ड निवडतानाही हे बूट सोबत न्यावेत, बाइंडिंगमध्ये बसवावेत आणि टाच व टोक दोन्ही कडांबाहेर सारखेच येतात का, ते बोर्ड आडवा धरून पाहावे. येत नसतील तर बाइंडिंग पुढे-मागे सरकवून देण्याची मागणी तिथेच करावी.