लांबलेली ब्रँच मेनचे रक्षण करत नाही

प्रोग्रामर मंडळींमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. प्रत्येक फीचर स्वतंत्र ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या शाखेवर, घ्यावे आणि महिना लागला तरी ते पूर्ण झाल्याशिवाय मेनमध्ये, म्हणजे सर्वांच्या मुख्य ब्रँचमध्ये, मर्ज करू (जोडू) नये. त्यामुळे मेन सुरक्षित राहते, जोडणीचे काम गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन पाहून घेते, रिव्ह्यू (सहकाऱ्याने कोड तपासणे) एकदाच नीट करता येतो आणि मोठे प्रकल्प असेच चालतात, असे त्यात सांगितलेले असते. टीममध्ये नव्याने आलेल्यांना हा सल्ला नियम म्हणून शिकवला जातो, म्हणून त्यातील दावे तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक समजूत ‘जोडणी गिट पाहून घेते’ ही आहे. मर्ज करताना गिट दोन्ही ब्रँचची टोके आणि त्यांचा समान पूर्वज यांची तुलना करते, पण ती मजकुराची तुलना असते. कोडचा अर्थ गिटला कळत नाही. समजा, एका सहकाऱ्याने टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची ती मुदत) घेणाऱ्या फंक्शनचे एकक सेकंदांवरून मिलिसेकंदांवर नेले आणि आपल्या ब्रँचवरील सर्व कॉल दुरुस्त केले. त्याच आठवड्यात दुसरीने तिच्या ब्रँचवर, वेगळ्याच फाइलमध्ये, त्या फंक्शनला ३० हा आकडा देणारा नवा कॉल लिहिला. दोन्ही ब्रँचवरील टेस्ट पास होतात आणि मर्जमध्ये एकही कन्फ्लिक्ट (गिटला आपोआप न जुळवता येणारा बदल) येत नाही, कारण एकाच ओळीला दोघांचा हात लागलेला नाही. तरीही मेनवर ३० सेकंदांची मुदत ३० मिलिसेकंदांची होऊन बसते. दोन्ही मूल्ये पूर्णांकच असल्यामुळे कंपायलरही हरकत घेत नाही. ब्रँच जितकी जुनी, तितके असे न दिसणारे विरोध साचतात, आणि ते उघडे पडतात तेव्हा तो कोड का लिहिला होता हे लिहिणाऱ्यालाही धड आठवत नसते. हाच बदल मेनवर छोट्या पायऱ्यांनी करता येतो: मिलिसेकंद घेणारे नव्या नावाचे फंक्शन जुन्याच्या शेजारी आणावे, कॉल एकेक करून तिकडे हलवावेत आणि शेवटचा कॉल हलल्यावर जुने फंक्शन काढून टाकावे. प्रत्येक पायरीनंतर मेन चालू स्थितीत राहते.

‘अर्धवट काम मेनमध्ये येत नाही, म्हणून मेन सुरक्षित’ या म्हणण्यात अर्धवट कोड मेनमध्ये असणे आणि तो वापरकर्त्यापर्यंत पोहोचणे या दोन गोष्टींची गल्लत आहे. फीचर फ्लॅगमागे, म्हणजे फीचर चालू-बंद करणाऱ्या कळीमागे, ठेवलेला कोड मेनमध्ये असतो, बिल्ड होतो, त्याच्या टेस्ट चालतात. वापरकर्त्याला मात्र तो दिसत नाही. अर्थात, फ्लॅगलाही शिस्त लागते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ब्रोकर कंपनीने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला, पण आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नाही. तिथे वर्षानुवर्षे पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. काम संपलेला फ्लॅग, त्याच्यामागच्या मृत कोडसह, ताबडतोब काढून टाकणे हा या पद्धतीचाच भाग मानला पाहिजे.

रिव्ह्यूबद्दल फार लिहावे लागत नाही. दोन हजार ओळींचा बदल समोर आला की वाचणारा नावे आणि मांडणी यांवर अभिप्राय देतो. मूळ रचना चुकली आहे हे दिसले तरी महिन्याभराचे काम परत पाठवायला त्याचे मन धजत नाही.

मोठ्या प्रकल्पांचा दाखला देताना लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, नाव हमखास घेतले जाते. तिथे एकेक भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरांच्या वेगवेगळ्या शाखा आहेत हे खरे. पण पुढच्या आवृत्तीसाठी तयार केलेल्या या शाखा लिनक्स-नेक्स्ट नावाच्या ट्रीमध्ये, साधारणपणे कामाच्या प्रत्येक दिवशी, एकत्र करून बिल्ड केल्या जातात. म्हणजे तिथेही जोडणी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेली नसते. दुसरा आधार घेतला जातो तो व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या गिटफ्लो या ब्रँच वापरण्याच्या पद्धतीचा. त्यांनीच २०२० मध्ये आपल्या लेखाला टीप जोडून, सतत डिलिव्हर होणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमने अधिक सोपी पद्धत स्वीकारावी, असे सुचवले. एकाच वेळी अनेक आवृत्त्या सांभाळाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ती पद्धत अजूनही उपयोगी पडू शकते, हेही त्यांनी नमूद केले आहे आणि ते मला पटते. पण अशा सॉफ्टवेअरमध्ये दीर्घकाळ जगतात त्या जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ब्रँच, एकट्याने महिनाभर चालवलेली फीचर ब्रँच नव्हे.

ज्यांची ब्रँच आधीच तीन आठवडे लांबली आहे, त्यांनी ती एका दमात मर्ज करू नये. तिच्यातील नामांतरे, रिफॅक्टरिंग (वर्तन न बदलता केलेली कोडची फेरमांडणी) आणि स्वतंत्रपणे उभ्या राहणाऱ्या टेस्ट आधी वेगळ्या काढून मेनमध्ये न्याव्यात, मेनमधील बदल रोज आपल्या ब्रँचमध्ये घ्यावेत, आणि उरलेला गाभा फ्लॅगमागे ठेवून तुकड्यातुकड्याने आणावा.