चिठ्ठीऐवजी मोबाइल

गेल्या आठवड्यात माझ्या काउंटरवर पुन्हा एकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीऐवजी मोबाइल ठेवला गेला आणि तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचे औषधांचे दुकान आहे आणि गेली १९ वर्षे मी तिथे फार्मासिस्ट म्हणून उभी आहे. कसबा बावड्याहून येणाऱ्या एक काकू ११ वर्षांपासून रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या आमच्याकडूनच नेतात. त्यांच्या फाइलमध्ये काय काय आहे हे त्यांच्या मुलापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ चालू होता. साधारण त्यांच्याच वयाची, सुती साडीतील एक बाई स्वयंपाकघरात बसून, वजनामुळे गुडघे कसे धरले, नातवाला कडेवर घेणेही कसे जमेना आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या एका इंजेक्शनाने आपले दिवस कसे पालटले, हे डोळे पुसत सांगत होती. औषधाचे नाव तिने घेतले नाही. ते खाली प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी लिहिले होते आणि काकूंनी शेजारच्या मुलाकडून ते कागदावर उतरवून आणले होते.

व्हिडिओच्या वरच्या कोपऱ्यात, फिकट पांढऱ्या बारीक अक्षरांत, ‘पेड पार्टनरशिप’ असे इंग्रजीत लिहिलेले होते. काकू मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आहेत.

हे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय देता येत नाही, असे मी त्यांना सांगितले. तीन वर्षांपूर्वी स्वादुपिंडाला सूज आल्यामुळे त्या आठ दिवस दवाखान्यात होत्या आणि या वर्गातील औषधांच्या माहितीपत्रकात नेमक्या त्याच आजाराबद्दल इशारा छापलेला असतो, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पोरी, ती बाई खोटं कशाला बोलंल? तिचं काय अडलंय?” मी पुन्हा समजावू लागले तेव्हा त्यांनी कागद पर्समध्ये ठेवला. “तू देत नसशील तर दुसरीकडनं मागवतो,” एवढे बोलून त्या पायरी उतरल्या.

तिचे काय अडले आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या कोपऱ्यातील दोन इंग्रजी शब्दांत, म्हणजे पैसे घेतल्याच्या कबुलीत, होते आणि ते काकूंपर्यंत पोहोचू नये अशाच बेताने लिहिलेले होते. केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, खुलासा हा दाव्याच्याच भाषेत असला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्तींसाठी आलेल्या सूचना सांगतात की पैसे घेतल्याची कबुली नजरेतून सुटणे अशक्य व्हावे अशी ठळक हवी आणि ती हॅशटॅगच्या गर्दीत मिसळलेली नसावी. ऑगस्ट २०२३ मध्ये तर आरोग्याविषयी बोलणाऱ्यांसाठी स्वतंत्र नियम झाले. हे सगळे कागदावर असताना मराठीत रडणाऱ्या बाईच्या डोक्यावर इंग्रजीत पुसट दोन शब्द चिकटवले जातात आणि कायदा पाळला गेला असे मानले जाते, याची मला चीड येते.

ती बाई खोटे बोलत असेल असे मला मुळीच वाटत नाही. तिचे वजन खरेच उतरले असेल, गुडघे हलके झाले असतील, तिचे अश्रूही खरे असतील. पण ज्यांना गुण आला त्यांच्यातूनच कॅमेऱ्यासमोर कोणाला बसवायचे हे ठरते, आणि ज्यांना उलट्यांनी अंथरुण धरावे लागले किंवा तीन महिन्यांत पैसे संपल्यामुळे ज्यांनी औषध सोडले, त्यांच्या स्वयंपाकघरात कोणी कॅमेरा घेऊन जात नाही. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनाच्या ज्या मोठ्या चाचणीवर त्याचा लौकिक उभा आहे, तिच्यात १,९६१ जण होते आणि ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले, हे खरे आहे. त्याच चाचणीतील काही लोकांचा औषध थांबवल्यानंतर वर्षभर मागोवा घेतला गेला, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलेले दिसले. दुसरे वाक्य व्हिडिओतील बाईच्या तोंडी कधी येत नाही. हे औषध बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागेल आणि त्याचा खर्च दर महिन्याला सोसावा लागेल, हे ज्या घरात पेन्शनवर चूल पेटते तिथे सर्वांत आधी सांगायला हवे.

चिठ्ठीवरच्या औषधाची जाहिरात थेट लोकांसमोर करण्याची सरसकट मुभा आपल्या देशात नाही. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स या सरकारी याद्यांमधील, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या, औषधांच्या जाहिरातीला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, संधिवात असे आजार नावानिशी दिलेले आहेत आणि ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. तो कायदा भिंतीवरच्या रंगवलेल्या पाट्या आणि वर्तमानपत्रातील चौकटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला होता. आता औषधाचे नाव न घेता आजाराची जाहिरात केली जाते, तिला ‘जनजागृती’ म्हणतात, कंपनीचे बोधचिन्ह शेवटच्या दोन सेकंदांत खालच्या कोपऱ्यात उमटते आणि औषधाचे नाव प्रतिक्रियांमधून आपोआप बाहेर पडते. त्या नावाचा कागद घेऊन माणूस माझ्यासमोर येतो आणि त्याला नकार देण्याचे काम मात्र माझ्या वाट्याला येते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी २२–२४ वर्षांची मुले केस गळतात म्हणून फिनास्टेराइडचे नाव मोबाइलवर दाखवतात, तेव्हा लैंगिक दुष्परिणामांबद्दल त्यांना कोणी काही सांगितले का, असे मी विचारते. अजून एकानेही ‘हो’ म्हटलेले नाही.

डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देण्याच्या प्रथेवर निदान चर्चा तरी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींचा खर्च करातून वजा करता येणार नाही असा निकाल दिला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषधांच्या विपणनासाठी नवी आचारसंहिता काढली. डॉक्टरांच्या दारावर थोडाफार पहारा बसू लागला आणि पैसा रुग्णाच्या उंबरठ्याकडे वळला, असे मला माझ्या काउंटरवरून दिसते. रुग्णाला कोणी विचारत नाही की तुला किती मिळाले.

हा मार्ग नवा नाही. अमेरिकेतील पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९८ मध्ये ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामकासाठी सात रुग्णांच्या कहाण्यांची चित्रफीत काढली आणि तिच्या हजारो प्रती डॉक्टरांच्या दवाखान्यांत पोहोचवल्या. आयुष्य परत मिळाले, असे ते सातजण सांगत होते. पुढे काही वर्षांनी एका वृत्तपत्राने त्यांचा शोध घेतला, तेव्हा त्यांपैकी दोघे मरण पावलेले होते आणि मृत्यूच्या वेळी ते त्याच प्रकारच्या औषधांच्या व्यसनात अडकलेले होते. तिसरी व्यसनातून कशीबशी बाहेर आली होती. तिघांचे मात्र तेव्हाही म्हणणे होते की औषधाचा उपयोग झाला. २००७ मध्ये कंपनीने औषधाच्या धोक्यांबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. त्याच देशात वेदनाग्रस्तांची बाजू मांडणारी अमेरिकन पेन फाउंडेशन नावाची संस्था होती. २०१० मध्ये तिच्या उत्पन्नाचा जवळपास ९० टक्के भाग औषध आणि उपकरण कंपन्यांकडून आला होता. मे २०१२ मध्ये सिनेटच्या समितीने चौकशी सुरू केली, तेव्हा संस्थेने कारभार गुंडाळला. तिथे डॉक्टरांना दिलेल्या पैशांची नोंद जाहीर करण्याचा कायदा २०१० मध्ये झाला, पण रुग्णसंघटना त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या.

हे सारे मी दूरच्या देशाची बातमी म्हणून वाचले असते, जर माझ्या आईच्या बाबतीत तसेच घडले नसते. आईला संधिवात आहे. सकाळी बोटे इतकी आखडतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या एका बाईंनी तिला रुग्णांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतले आणि मला बरेच वाटले, कारण दुखणे समजून घेणारे कोणीतरी तिला भेटले होते. ग्रुपमधील एक ‘ताई’ रोज सकाळी आईला वेगळा निरोप पाठवत. आज बोटे कशी आहेत, रात्री झोप लागली का, असे विचारत. आपलाही हाच आजार आहे, असे सांगत. आणि दोन-चार दिवसांनी एका महागड्या इंजेक्शनाचा विषय काढत. आईने त्यांना सगळे सांगितले होते. वडिलांच्या मागे एकटेपणा कसा झाला आहे, हेही. मग एका आरोग्य शिबिरात मी मदतीला गेले असता त्याच ताई कंपनीच्या मांडवात, गळ्यात ओळखपत्र घालून, ‘पेशंट एज्युकेटर’ म्हणून बसलेल्या दिसल्या. त्यांना संधिवात होता, हे खरे होते. त्यांना महिन्याला मानधन मिळत होते, हेही खरे होते, आणि दुसरी गोष्ट त्यांनी ग्रुपमध्ये एकदाही सांगितलेली नव्हती.

मी घरी येऊन आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सगळं सांगत होतो गं मी तिला.” इंजेक्शनाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आजारी माणसाच्या एकटेपणाचा उपयोग करून त्याच्या घरात शिरणाऱ्या या पद्धतीला ज्यांनी मंजुरी दिली, ज्यांनी तिचा हिशेब मांडला, त्यांना मी क्षमा करू शकत नाही.

माझी मागणी मोठी नाही. पैसे घेऊन बोलणाऱ्या रुग्णाने पहिल्याच वाक्यात, त्याच भाषेत आणि आवाजी, ‘मला या कंपनीने पैसे दिले आहेत’ असे म्हणावे. कंपनीने कोणत्या रुग्णाला, कोणत्या ग्रुपला, कोणत्या संघटनेला किती रक्कम दिली, ते दर वर्षी जाहीर करावे आणि त्यात प्रवासखर्च, भेटी, ‘मानधन’ असे सगळे यावे. ‘जनजागृती’च्या पानावर औषधाचे नाव प्रतिक्रियांमधून पसरत असेल तर त्याची जबाबदारी ते पान चालवणाऱ्यावर असावी.

आई त्या ग्रुपमधून अजून बाहेर पडलेली नाही. तिथे दोन-तीन खऱ्या मैत्रिणी झाल्या आहेत, असे ती म्हणते, आणि मी तिला आग्रह करत नाही. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याच्या पाच तारखेला संपतात. आज अकरा तारीख आहे. त्यांचा पुडा मी बांधून मागच्या कप्प्यात ठेवला आहे, मुलाला दोनदा फोन केला आहे, आणि त्या अजून आलेल्या नाहीत.