एकवीस आणि माझे हात

मला बोलताना हात हलवायची सवय आहे, म्हणजे फोनवर कुणाला घरचा पत्ता सांगतानासुद्धा मी हवेत डावीकडे वळतो. या सवयीचे पैसे एकदाच भरावे लागले, पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर.

गोव्यात डीलर वगैरे असलेलं टेबल फक्त पाण्यावर, जमिनीवरच्या हॉटेलांत मशीनची बटणं दाबत बसा. म्हणून जेट्टीवरून छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर गेलो, मी, बायको, मेव्हणी आणि आमचे साडू. खरं कारण बुफे. तिकिटात जेवण होतं आणि वर थोड्या ओटीपी चिप्स, म्हणजे वन टाइम प्ले, एकदाच लावायच्या, रोख मिळत नाही. मी त्या मुठीत लपवूनच फिरत होतो, ओटीपी कुणाला दाखवायचा नाही हे बँकेने इतकं डोक्यात भरवलंय.

साडू विमा एजंट, समोरच्याला पटल्याशिवाय सोडत नाहीत. छोट्या बोटीतच ब्लॅकजॅकचा क्लास सुरू. "सोप्पं आहे हो, एकवीसच्या जवळ जायचं, वर गेलात की मेलात." राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. इथेच माझं बिनसलं, कारण जन्मभर मेंढीकोट खेळलेल्या माणसाला राजा आणि गुलाम एकाच पगारावर हे पचत नाही. एक्का कधी अकरा कधी एक, आपल्या सोयीने. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं तर ब्लॅकजॅक, शंभर लावले तर वर दीडशे. आणि डीलरला डोकं वापरायची परवानगीच नाही, सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचं. सरकारी नोकरीच की!

हे सगळं समजलं. पण तिथे नुसतं तोंडाने बोललेलं धरत नाहीत, वरच्या कॅमेऱ्याला दिसायला हवं म्हणून सगळं हाताने. पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक, नको तर पंजा आडवा फिरवायचा.

मला आली दश्शी आणि अठ्ठी. साडू कानात, "थांबा, अठरा झालेत." मी म्हटलं, "अहो तेच म्हणतोय ना मी!" आणि टेबलावर बोट आपटलं. डीलर मुलीने भुवया उंचावून विचारलं, "शुअर सर?" मी आणखी ठासून आपटलं, "हो हो, अठराच!" छक्की आली. चोवीस. ओटीपी संपला.

मग खिशातले पाचशे काढले. पंजी आणि छक्की, अकरा, म्हणजे काहीही आलं तरी मरत नाही, लोक अकरावर पैसे डबल करतात म्हणे. तेवढ्यात शेजारी वेटर चिकनचा ट्रे घेऊन आला आणि माझा त्या दिवशी नेमका गुरुवार, मी पंजा हलवून नको म्हटलं. डीलर पुढच्याकडे गेली. अकरावर थांबलेला माणूस त्या टेबलाने बहुतेक पहिल्यांदाच बघितला असावा, साडूंनी तर ओळख नसल्यासारखं छताकडे पाहिलं.

तिसऱ्या डावाला माझे वीस, डीलरचा एक्का. ती म्हणाली, "इन्शुरन्स?" म्हणजे तिचाच ब्लॅकजॅक होईल यावर वेगळी पैज. मी आपसूक साडूंकडे बघितलं. या माणसाने माझ्या गळ्यात तीन पॉलिस्या मारल्यात, त्यातली एक माझ्या लग्नाच्या मांडवात. तेच साडू म्हणाले, "अजिबात घेऊ नका. तेरातली चारच पानं दहाची, देणार दामदुप्पट, तोट्याचा धंदा." इतका प्रामाणिक हिशोब त्यांनी मला आयुष्यात कधी दिला नव्हता, म्हणून ऐकला. डीलरला राजा आला.

मग सरळ बुफे. वरण-भात अर्धा झाला असेल नसेल, साडू खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "एक नवीन प्लॅन आलाय, तुमच्या वयाला अगदी..." माझ्या तोंडात सोलकढी होती. मी पंजा आडवा फिरवला.