एक स्टार दिलात, पण 24 तासांचं अर्धंच लिहिलंत

नमस्कार. रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. अंदमानात माझ्या हॅवलॉकच्या स्कूबा सेंटरपर्यंत येऊन बोट डाइव्ह (बोटीने आत जाऊन करायचा) न करता परत जावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी, एवढ्या लांब माणूस येतो तो पाण्यात उतरायलाच. वेटसूटची (पाण्यात घालायचा रबरी सूट) गुडघ्यापाशी शिलाई उसवलेली होती हेही बरोबर, तो सूट आता बाजूला काढलाय.

पण "उशीर झाला म्हणून पैसे खाल्ले" आणि "24 तासांचा नियम म्हणजे एक रात्र जास्त राहायला लावायचा धंदा" (दोन डाइव्ह केले तर शेवटच्यानंतर 24 तास विमानात बसायचं नाही, हा आमचा नियम) असं जे लिहिलंय त्यावर गप्प बसलो तर पुढचा वाचणारा तेच खरं धरून चालेल. म्हणून लिहितो, लांबलं तर समजून घ्या. मुळात माझ्याकडे रूमच नाहीत. एक शेड, कंप्रेसर, टँक आणि भाड्याची बोट, एवढाच पसारा आहे. तुम्ही एक रात्र जास्त राहिलात तर पैसे गेस्टहाउसवाल्याला मिळणार, मला काय?

आता वेळेचं. तुमचं आणि तुमच्या मित्राचं बुकिंग मंगळवारचं होतं. समुद्र खवळला, मध्य अंदमानातल्या रंगतहून येणारं सरकारी जहाज सोमवारी सुटलंच नाही आणि तुम्ही मंगळवारी संध्याकाळी पोचलात. यात तुमचा दोष नाही, माझाही नाही, म्हणून एक रुपया जास्त न घेता तारीख बुधवारवर घेतली. हे रिव्ह्यूमध्ये कुठेच नाही. तुमचं विमान पोर्ट ब्लेअरहून गुरुवारी सकाळी 10:05 चं, म्हणून मी मंगळवारी रात्रीच सांगितलं होतं की सहाला शेडवर या, दोन्ही डाइव्ह उरकून साडेनऊच्या आत पाण्याबाहेर, म्हणजे 24 तास बसतात. तुम्ही आलात सहा पन्नासला. वीस मिनिटं बोट थांबवली होती, फोन लागत नव्हता, बोटीवर दुसरे चौघे बसले होते ते माझ्याकडे बघत होते, मग सोडली. रात्री किती वाजेपर्यंत आणि काय चाललं होतं ते मी इथे लिहिणार नाही, बेट लहान आहे एवढंच म्हणतो.

मग तुम्ही म्हणालात की बोट परत आली की पुन्हा आम्हा दोघांसाठी काढा, नियम 18 तासांचा आहे, गुगलवर आहे. आहे ना, मी कुठे नाही म्हणतो! डायव्हर्सच्या सेफ्टीसाठी डॅन म्हणून संस्था आहे, ती सांगते एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी कमीत कमी 12 तास, जास्त डाइव्ह असतील तर कमीत कमी 18. तो "कमीत कमी" तेवढा तुमच्या रिव्ह्यूत गळला. खोल पाण्यात टँकमधली हवा घेताना नायट्रोजन अंगात विरघळतो, तो हळूहळूच निघतो, आणि विमानात हवेचा दाब कमी असतो तेव्हा उरलेल्याचे बुडबुडे होऊ शकतात. त्यात माणूस दमलेला, पाणी कमी प्यायलेला, रात्री झोप नाही. तुमच्याकडे ओपन वॉटरचं (डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं) कार्ड आहे, कोर्समध्ये हे शिकवतात. आणि काही झालंच तर हॅवलॉकवर डीकंप्रेशन चेंबर (या बुडबुड्यांवर उपचार करायची दाबाची खोली) नाही, समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. म्हणून आमच्याकडे दोन डाइव्हला 24 म्हणजे 24. शेजारच्याने हो म्हटलं असेल, तो त्याचा प्रश्न. शिवाय तीनला पाण्याबाहेर येऊन कपडे बदलून पोर्ट ब्लेअरची संध्याकाळची फेरीबोट पकडायची, चुकली तर विमानच गेलं, मग त्याचाही रिव्ह्यू मलाच.

तरी मी म्हटलं होतं की दुपारी किनाऱ्यावरून निमो रीफला एक डाइव्ह करा, तो 12 तासांत बसतो, पैसे अ‍ॅडव्हान्समधूनच घेतो. "किनाऱ्यावर काय दिसणार" म्हणून तुम्हीच नको म्हणालात. क्लाउनफिश तिथे कमरेएवढ्या पाण्यापासून थोडं पुढे गेलं की दिसायला लागतात, पण असो.

अ‍ॅडव्हान्स 6500 होता, दोघांचा मिळून. बोटीत दोन जागा रिकाम्या गेल्या, डिझेल तेवढंच लागलं, बोटवाल्याने भाडं कमी केलं नाही, डाइव्हमास्टरची (पाण्यात सोबत उतरणारा गाईड) दिवसाची मजुरी द्यावीच लागते. त्यातलं माझ्या खिशात काय राहिलं ते तुम्हीच जोडा.

सगळ्यात जास्त लागलं ते "मराठी माणूस म्हणून विश्वासाने आलो आणि मराठी माणसानेच फसवलं" हे. मी मालवणचा. बुकिंगच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचा अख्खा रूट मीच सांगितला होता. पोर्ट ब्लेअरहून पहाटेची बस धरा, जिरकाटांगला गाड्यांचा काफिला लागतो, जारवा आदिवासींच्या जंगलात गाडी थांबत नाही आणि फोटो अजिबात काढायचे नाहीत, मिडल स्ट्रेटच्या खाडीला बस बार्जवर (गाड्या नेणारी सपाट बोट) चढते, मग बाराटांग, रंगत, मायाबंदर, शेवटी डिगलीपूर, सव्वातीनशे किलोमीटरला पूर्ण दिवस जातो. आणि रंगत-हॅवलॉक जहाज रोज नसतं, हवामानावर असतं, म्हणून विमानाच्या आधी एक दिवस रिकामा ठेवा, हेही लिहिलंय, मेसेज अजून आहे. तो दिवस तुम्ही डिगलीपूरजवळच्या रॉस अँड स्मिथ बेटांवर घालवलात. छानच जागा आहे, मीही तेच केलं असतं कदाचित, पण मग शेवटी घाई झाली ती माझ्यामुळे नाही ना झाली.

असो. यापुढे विमानाची वेळ बुकिंगलाच विचारून पाण्याबाहेर यायची वेळ मेसेजमध्ये लिहून देऊ, बाकीही काही सुधारणा चालू आहेत. तुमचे 6500 पुढच्या सीझनला जमा धरतो, दोघांपैकी कोणीही आलं तरी चालेल, फक्त आधी फोन करा. आणि एक विनंती, तुमच्या मित्राच्या अकाउंटवरूनही एक स्टार आलाय, एकही शब्द न लिहिता. एकाच सकाळचे दोन रिव्ह्यू कशाला? मे संपता संपता इथे पाऊस लागतो, मग कितीतरी महिने शेडला कुलूपच असतं, आणि लोक बुकिंग करताना आधी तेच आकडे बघतात. तो एक काढलात तर बरं होईल.