टोनी बेन आणि ती 'एका चिठ्ठीत' सोडलेली सरदारकी

घराणेशाहीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: 'ब्रिटनच्या टोनी बेन या समाजवादी नेत्याने जन्मजात लॉर्डपदावर एका चिठ्ठीत लाथ मारली आणि घराण्याची सरदारकी कायमची संपवली. नाहीतर आपले नेते बघा!' बेन मलाही आवडतात. पण या मजकुरात धड असं फारसं काही नाही.

'जन्मजात' म्हणाल, तर बेन जन्मले १९२५ साली आणि वडील व्हायकाउंट स्टॅन्सगेट (व्हायकाउंट हा वंशपरंपरागत लॉर्डपदाचा एक दर्जा) झाले १९४२ मध्ये. (हेच वडील भारतमंत्री असताना १९३० साली गांधीजी येरवड्यात कैदेत होते.) शिवाय वारस होता थोरला भाऊ मायकेल. तो १९४४ मध्ये हवाई दलात असताना गेला आणि ते लोढणं टोनींच्या गळ्यात आलं.

'एका चिठ्ठीत' ही तर कमाल झाली. नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले आणि ब्रिस्टलमधून दहा वर्षं निवडून येणाऱ्या बेन यांची खासदारकीच गेली. लॉर्डाला कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात, बसता येत नसे आणि लॉर्डपद सोडायची कायद्यात सोय नव्हती. मे १९६१ मध्ये त्यांनी त्याच जागेची पोटनिवडणूक लढवली, १३ हजारांहून जास्त मतांनी जिंकली. तरी सभागृहाच्या दारातच त्यांना अडवलं. निवडणूक न्यायालयाने जागा दिली हरलेल्या हुजूरपक्षीय माल्कम सेंट क्लेअर यांना. हे गृहस्थही कुठल्याशा लॉर्डपदाचे वारसदारच! बेन यांचं भांडण होतं ते मतदारांनी दिलेली जागा वडिलांच्या मृत्यूने का जावी, यावर.

लॉर्डपद सोडू देणारा कायदा व्हायला ३१ जुलै १९६३ उजाडला. त्याच संध्याकाळी बेन यांनी पद सोडलं. त्याचा मोठा लाभ झाला मात्र बेन यांच्या विरोधातल्या हुजूरपक्षाला: ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झालेल्या त्यांच्या अर्ल ऑफ होम (अर्ल म्हणजेही लॉर्डच) यांनी चारच दिवसांत याच कायद्याने अर्लपद उतरवून ठेवलं.

आणि 'कायमची संपवली'? पद सोडता येतं ते सोडणाऱ्याच्या हयातीपुरतंच. २०१४ मध्ये बेन गेले आणि थोरला मुलगा स्टीफन व्हायकाउंट झाला. २०२१ मध्ये तो मजूर पक्षातर्फे लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात जाऊन बसलासुद्धा. दुसरा मुलगा हिलरी खासदार झाला आणि मंत्रीही. टोनींचे वडील खासदार, दोन्ही आजोबाही खासदार. घराणेशाहीला चपराक म्हणून नेमकं हेच घर कुणाला सुचलं, देव जाणे.