जुना पत्रा घरच्या घरी कसा फोडावा

छपरावरचा जुना सिमेंटचा पत्रा उतरवायचा ठरवलाय ना? छान. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (धाग्याधाग्यांचं, फुफ्फुसांना घातक खनिज) आहे का, हे नुसतं बघून कळत नाही, तुकडा प्रयोगशाळेत तपासावा लागतो. पण तुमच्या नजरेची गोष्टच वेगळी!

खरं तर पत्रा शाबूत असेल तर त्याला हात न लावणं, अधूनमधून तडे गेलेत का बघणं आणि वर रंगाचा थर देणं एवढ्यावर भागतं. मग रविवार कसा जाणार?

तेव्हा चढाच. वाशांच्या मधोमध पाय द्या. जुना पत्रा ठिसूळ झालेला असतो, थेट खाली पोचवतो. फळी टाकून वजन विभागणारे लोक भित्रे. शेवाळ दिसलं तर तारेच्या ब्रशने खसाखसा घासा किंवा जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, म्हणजे वरचा सिमेंटचा थर जाऊन आतले धागे उघडे पडतील.

पत्रा कोरडाच ठेवा. पाण्यात थोडं साबणाचं द्रावण घालून हलकेच भिजवला की धूळ बसते, आणि धूळ उडाली नाही तर काम झाल्यासारखं वाटत नाही. गंजलेले बोल्ट कापून पत्रा अख्खा उतरवण्यापेक्षा हातोडा बरा. ग्राइंडर तर सर्वोत्तम. पत्र्यात धागा साधारण दहा-पंधरा टक्के, बाकी सिमेंट. सिमेंटने जखडलेले असतात तोवर हे धागे बापडे निमूट पडून राहतात. चकती फिरली की सुटतात, आणि सुटलेला धागा उभाच चिरत जातो, एकाचे अनेक, आणखी बारीक. दिसत नाहीत, पण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात.

नाकाला रुमाल बांधा. घातक धागे तीन मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक, ते रुमालाच्या विणीतून सहज जातील. पी-3 दर्जाचा, अगदी बारीक धूळही अडवणारा मास्क आणलाच, तर दाढी ठेवून घाला. कडेने वाट राहते. नंतर कोरडा झाडू मारा, नाहीतर घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावा. तो पुढून ओढलेलं मागून बाहेर सोडतो. कपडे घरी आणून झटका, कुणाला तरी धुवायला द्या. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकाही मेसोथेलिओमाने, म्हणजे बहुधा फुफ्फुसांच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगाने, गेल्या आहेत, त्या काही छपरावर चढल्या नव्हत्या.

पत्र्याने समाधान झालं नाही, तर जुन्या पाइपांभोवतीचं पांढुरकं वेष्टण बोटांनी कुरतडून बघा. पत्रा त्यापुढे सज्जन! ते भुसभुशीत, चिमटीतच पीठ होतं.

संध्याकाळी खोकला येणार नाही, ठणठणीत वाटेल. आत शिरलेला धागा गिळू पाहणाऱ्या पेशींना तो पचत नाही. फुफ्फुसात व्रण साठत जातात आणि श्वास तोकडा पडत जातो, तो अ‍ॅस्बेस्टॉसिस. मेसोथेलिओमा बहुधा 20 ते 50 वर्षांनी उगवतो, तोवर हा रविवार कुणाच्या लक्षात असणार? मधल्या काळात सिगारेट चालू ठेवा; फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत दोघांची जोडी फार जमते.

घाई मात्र करू नका, सरकारांनीही केली नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केर्शॉ 1924 मध्ये गेली, फुफ्फुसांत धागे सापडले. धुळीचे नियम आले 1931 मध्ये. पांढऱ्या प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर ब्रिटनमध्ये बंदी आली ती 1999 मध्ये.

राहिले तुकडे. ते जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, टेप लावून, वर चिठ्ठी डकवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचे असतात. तुम्ही ते अंगणातल्या खड्ड्यात भर म्हणून टाका. गाडीच्या चाकाखाली त्यांचा भुगा होईल, आणि उन्हाळ्यात वारा सुटला की खिडकीतून घरात येईल.